प्रत्येक पुस्तकाचा धडा करू नका : खानदेशातल्या केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

शाळाभेटीला आलात की आपण पुस्तकांचं कपाट उघडायला सांगता, पुस्तकं मोजता आणि आकडा रजिस्टरशी ताडून पाहता. तो आपल्या कामाचा भागच आहे. पण त्यापुढचा एक प्रश्न आम्हा शिक्षकांना आपल्यापुढे मांडायचा आहे. कपाटातलं पुस्तक वर्गात आल्यावर त्याचं काय होतं? चित्रपुस्तक, कविता, लोककथा, कापसावरचं माहितीचं पुस्तक, सगळ्यांच्या वाट्याला बहुतेक वर्गांत एकच रीत येते. एका मुलाने उभं राहून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग अवघड शब्दांचे अर्थ, पाच प्रश्न, शेवटी तात्पर्य. म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचं पुस्तक आणलं आणि त्याचाही धडा केला. मुलांच्या साहित्याचे जेवढे प्रकार, तेवढ्या त्यांच्या वर्गातल्या रीती. त्या कोणत्या, त्यात काय चुकतं आणि त्यासाठी आपल्याकडून काय हवं, ते तपशिलात लिहितो.

पहिली-दुसरीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त तिथेच बिघडतं. या वर्गांचं मुख्य पुस्तक म्हणजे चित्रपुस्तक. त्यातली निम्मी गोष्ट चित्रात असते, म्हणून ते मुलांना दिसलंच पाहिजे. पुस्तक स्वतःकडे धरून वाचलं आणि पान संपल्यावर एकदा गोल फिरवून दाखवलं, तर शब्द आणि चित्र यांची ताटातूट होते. पुस्तक खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे तोंड करून धरावं. असं धरलं की वाचणाऱ्याला अक्षरं तिरकी दिसतात, म्हणून गोष्ट आदल्या दिवशी दोनदा वाचून जवळजवळ पाठ असावी लागते. मुलं अर्धगोलात, जास्तीत जास्त तीन रांगांत. शिक्षक बुटक्या स्टुलावर. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकातलं चित्र २० ते २५ मुलांच्या पलीकडे दिसत नाही. पट ४० असेल तर दोन गट करा. मागच्या रांगेतलं मूल चुळबुळ करतं ते बहुधा चित्र दिसत नाही म्हणून. त्याला गप्प बसवण्याऐवजी पुढे घ्या.

एक पुस्तक तीन दिवस चालवावं. पहिल्या दिवशी मुखपृष्ठावर दोन मिनिटं बोलून गोष्ट सलग वाचायची. मध्ये फार तर दोनदा थांबायचं, तेही पान उलटायच्या आधी : ‘आता काय होईल?’ उत्तरं ऐकून घ्यायची, कोणतं बरोबर ते सांगायचं नाही, पान उलटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारी वाक्यं मुलांनी म्हणायची आणि तीन-चार शब्दांचे अर्थ चित्रावर बोट ठेवून किंवा हावभावाने सांगायचे. तिसऱ्या दिवशी पुस्तक मुलांच्या हातात. चित्रांवरून तीच गोष्ट सांगतील, साकारतील, काढतील. ‘तीच गोष्ट परत कशाला?’ असं आपल्यापैकी काहींना वाटेल. पहिल्यांदा ऐकताना मूल ‘पुढे काय’ यातच गुंतलेलं असतं. शब्दांकडे त्याचं लक्ष दुसऱ्यांदा जातं. दर वाक्याला थांबून ‘कळलं का?’ विचारलं की गोष्टीचा धागा तुटतो आणि मुलं गोष्टीऐवजी शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात.

ज्यात एकही शब्द नाही अशी चित्रपुस्तकं शाळेत आली की ‘यात वाचायचं काय?’ म्हणून बाजूला पडतात. आपल्या भागात तर ती सगळ्यात मोलाची आहेत, कारण त्यांची भाषा मूल ठरवतं. घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, मावची, गोरमाटी किंवा गुजरी बोलणारं मूल शाळेत आल्यावर गप्प होतं. शब्दांविना पुस्तक त्याला बोलतं करतं. दोघा-दोघांत एक पुस्तक द्या. पाच मिनिटं नुसतं पाहू द्या, मग एकमेकांना सांगू द्या. शिक्षकाने या वेळी गोष्ट सांगायची नाही. नंतर पाच-सहा वाक्यं फळ्यावर लिहायची, आणि ती मुलाने म्हटली तशीच. मुलगा म्हणाला, ‘कुत्रा पानीमा पडना’, तर फळ्यावर ‘कुत्रा पानीमा पडना’ हेच यायला हवं. शब्दांखाली बोट फिरवत ते सगळ्यांनी वाचायचं. दुसऱ्या दिवशी वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची, पट्ट्या शब्दाशब्दाने कापायच्या आणि मुलांनी जुळवायच्या. त्यानंतर शेजारी ‘कुत्रा पाण्यात पडला’ लिहा आणि दोन्हींत काय सारखं, काय वेगळं ते मुलांनाच शोधू द्या. ‘पानीमा’ आणि ‘पाण्यात’ यातला फरक ती स्वतः शोधतात. तेच त्यांचं व्याकरण.

इथे हमखास होणारी चूक एकच आहे. मूल ‘उना’ म्हणतं आणि शिक्षकाचा हात फळ्यावर ‘आला’ लिहून जातो. मुलाला फळ्यावर स्वतःचं वाक्य सापडत नाही. नुकतं वाचायला लागलेलं मूल पुढचा शब्द कोणता येणार याच्या अंदाजाचाही आधार घेतं. वाक्य त्याचंच असेल तर अंदाज बरोबर येतो आणि अक्षरांची ओळख त्या अंदाजाला चिकटते. वाक्य बदललं की हा आधार जातो, आणि दोन-तीनदा असं झालं की मूल वाक्य सांगायचंच थांबतं. बोली लिहिल्याने मराठी बिघडेल या भीतीला उत्तर आपल्या मातीतच आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून, त्यांच्या बोलीतच लिहून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. लिहिताना कुणी ती ‘शुद्ध’ केली असती तर मराठीच्या हाती काय उरलं असतं, याचा विचार करावा.

सातपुड्यातल्या शाळांची, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुवा भागातली, अडचण याहून खोल आहे. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला मराठी गोष्ट कळतच नाही. तिथे एक वाक्य मराठीत वाचून लगेच त्याचं भाषांतर करण्याची पद्धत रूढ होते. ती सोडावी. मुलं मराठी वाक्य कानाबाहेर ठेवतात आणि आपल्या भाषेतल्या वाक्याची वाट पाहतात. त्याऐवजी पहिल्या दिवशी चित्रं दाखवत पूर्ण गोष्ट पावरीतच सांगा. शिक्षकाला येत नसेल तर पाचवी-सहावीचा विद्यार्थी, अंगणवाडीच्या ताई किंवा गावातलं कुणी जाणतं माणूस सांगेल. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत, छोट्या वाक्यांत, चित्रांवर बोट ठेवून, भाषांतर न करता. गोष्ट माहीत असल्यामुळे मराठी शब्दांना धरायला जागा मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. त्याची सुरुवात अशा १५ मिनिटांनी होते.

बडबडगीतं वर्गात भरपूर होतात, पण बहुधा नुसती पाठ म्हटली जातात. तोंड चालू आणि डोळे खिडकीबाहेर. गीत मोठ्या कागदावर, मागच्या मुलाला वाचता येईल अशा चार-पाच सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहा आणि म्हणताना प्रत्येक शब्दाखाली काठी ठेवा. मग मधल्याच एखाद्या शब्दावर काठी ठेवून विचारा, ‘हा कोणता?’ मुलं पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत तिथवर पोचतात. तेच हवं आहे. सुरुवातीला त्यांना तसं पोचू द्या.

मोठ्यांच्या वर्गात कवितेचं सगळ्यात जास्त नुकसान शब्दार्थांनी होतं. बालकवी धरणगावचे. त्यांच्या निसर्गकविता आपल्या मुलांनी आधी कानांनी घ्याव्यात. डोळे मिटून दोनदा ऐकायची, काय दिसलं ते सांगायचं, आवडलेली एकच ओळ चिठ्ठीवर उतरवायची. अर्थ तिसऱ्या वाचनानंतर, तेही मुलांनी विचारलेल्या शब्दांचे. सगळ्या कविता एकाच चालीत म्हणायची सवय मोडा. चाल ठरलेली असली की मुलं कवितेची लय ऐकत नाहीत, चालीत शब्द बसवत राहतात.

लोककथांच्या बाबतीत खानदेश श्रीमंत आहे आणि छापील पुस्तकांत त्यातलं फार थोडं आलं आहे. म्हणून इथे पुस्तक मुलांनीच करावं असा आमचा आग्रह आहे. चौथी-पाचवीच्या मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून गोष्ट, कोडं, म्हण किंवा आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं ऐकून यायचं. सोबत सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि भाषा लिहायची. फोनवर तीन ते पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण झालं तर फारच छान, कारण लिहिताना पुन्हा ऐकता येतं. कानबाईसारख्या श्रद्धेच्या विषयावरचं काही असेल तर घरच्यांची संमती आधी घ्यावी. गोष्ट वर्गासमोर येण्याआधी शिक्षकाने वाचलेली असावी. जुन्या गोष्टींत एखाद्या जातीला किंवा व्यंगाला हिणवणारे शब्द असतात, आणि त्या जातीचं मूल समोर बसलेलं असतं.

पुस्तिका बांधायला ए-फोर आकाराचे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानं होतात. लिहिण्याआधी कोऱ्या कागदांची नमुना पुस्तिका करून त्यावर पानांचे आकडे टाकावेत, कारण सुट्या कागदावर ते क्रमाने येत नाहीत. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ ही पानं येतात, दुसऱ्या बाजूला २ आणि १५. सगळ्यात आतल्या कागदावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. हे न पाहता लिहायला घेतलं की गोष्ट मध्येच उलटी होते आणि मुलांची मेहनत वाया जाते. शिवण्यासाठी घडीवर तीन भोकं पाडून जाड सुती दोरा मधल्या भोकापासून ओवावा आणि गाठ तिथेच मारावी. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. मुखपृष्ठाला कार्डशीट. दरवर्षी अशा दहा पुस्तिका झाल्या तर पाच वर्षांत शाळेकडे कुठेही विकत न मिळणारी ५० पुस्तकं होतात.

माहितीच्या पुस्तकाची रीत गोष्टीच्या अगदी उलट. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं नसतं. आधी प्रश्न, मग पुस्तक. फळ्यावर तीन रकाने करा : काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचं आहे, काय कळलं. विषय केळी असेल तर रावेर-यावलच्या मुलांचा पहिला रकाना पुस्तकापेक्षा मोठा होईल. होऊ द्या. मग अनुक्रमणिका पाहून नेमकं पान काढणं, चित्राखालची ओळ वाचणं, आकृतीतले बाण समजून घेणं ही कौशल्यं शिकवा. गोष्टीच्या पुस्तकातून ती येत नाहीत आणि पाचवीनंतरचं विज्ञान-भूगोल त्यांच्यावरच उभं असतं. जुन्या पुस्तकांत चुकीची ठरलेली माहिती असते. २००६ पूर्वीच्या पुस्तकात ग्रह नऊ असतात आणि १ जुलै १९९८ पूर्वीच्या नकाशात नंदुरबार धुळे जिल्ह्यात असतं. ती लगेच रद्दीत टाकू नका. पुस्तक कधी छापलं हे पाहण्याची सवय लावायला ती फार उपयोगी पडतात. औषधं, साप किंवा विजेविषयी चुकीची माहिती असेल तर मात्र पुस्तक काढूनच टाका.

चित्रकथांकडे, म्हणजे कॉमिक्सकडे, शिक्षक संशयाने पाहतात. तिसरी ते सहावीतल्या, वाचनापासून पळणाऱ्या मुलांना परत आणणारा याहून सोपा प्रकार आम्हाला माहीत नाही. संवादाच्या फुग्यांतला मजकूर कागदाच्या तुकड्यांनी झाकून ‘इथे तो काय म्हणाला असेल?’ असं लिहायला दिलं की तीच मुलं लिहू लागतात.

नाटुकलीचं वाचन वर्गात बसूनच व्हावं. पाठांतर नाही, पोशाख नाही. सहा-आठ पात्रांचा प्रवेश गटात तीन-चार वेळा वाचायचा आणि मग सादर करायचा. पुन्हा पुन्हा वाचायला इथे खरं कारण मिळतं, म्हणून अडखळत वाचणाऱ्यांची गती वाढते. मात्र दरवेळी त्याच चार हुशार मुलांना मोठी कामं दिली तर ज्यांच्यासाठी हे करायचं तेच प्रेक्षक होतात. ३० मुलांचे चार गट करून सगळ्यांना तोच प्रवेश द्या. प्रत्येक गट वेगळा वाचतो आणि ऐकणाऱ्यांना त्यात गोडी वाटते.

पाचवी ते सातवीसाठी एक छोटी कादंबरी शिक्षकाने रोज १० मिनिटं मोठ्याने वाचावी. या वेगाने चार-पाच पानं होतात, म्हणजे १०० पानांचं पुस्तक साधारण महिनाभरात संपतं. प्रकरण उत्सुकतेच्या जागी थांबवायचं आणि पुस्तक वर्गातच, हाताला येईल असं ठेवायचं. काही मुलं पुढची पानं चोरून वाचतील. त्यांना रागावू नका.

मासिकांसाठी वेगळा तास लागत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि मुक्त परवान्यामुळे छापून वाटता येतात. द्विशिक्षकी शाळेत शिक्षक पहिली-दुसरीला गोष्ट वाचत असताना तिसरी-चौथीच्या हातात ही पानं देता येतात. मुलांचं स्वतःचं भित्तिपत्रकही हवं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. आपल्याला निदान पंधरवड्याचं एक पान जमावं.

आता पुस्तकांच्या देखभालीविषयी. एका दोरीवर २० ते २५ पुस्तकं, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी टांगावीत. पहिली-दुसरीसाठी दोरी तीन फुटांच्या वर नको. दर पंधरा दिवसांनी पुस्तकं बदलावीत, नाहीतर मुलांना ती दिसेनाशी होतात. नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, वाळून तडकते आणि पानं सुटतात. खरेदी करताना मधोमध पिन मारलेली किंवा शिवलेली पुस्तकं निवडा. कपाट भिंतीपासून अर्धा फूट पुढे ठेवा, वाळवी भिंतीतून येते. फाटलेलं पान सेलोटेपने जोडू नका. दोन उन्हाळ्यांत टेप पिवळी पडून सुटते आणि छपाई घेऊन जाते. पातळ कागदाची पट्टी आणि फेव्हिकॉल पुरतं.

हे सगळं शिक्षक करू शकतात, पण ज्या गोष्टींवर ते अडतात त्या आपल्या हातात आहेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. तरीही पुस्तकं कुलपात राहतात, कारण पुस्तक हरवलं की भरपाई आपल्या पगारातून होईल ही शिक्षकाची भीती. मुलांच्या हातातलं पुस्तक झिजणारच. दरवर्षी एकूण पुस्तकांपैकी एक दशांश पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून कमी करणं, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करता येईल, अशी सोय करावी आणि ती मुख्याध्यापकांना लेखी कळवावी. तोंडी आश्वासनाने कपाट उघडत नाही.

समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. ती वापरताना सगळ्या शाळांसाठी एकच संच घेऊ नये. यावलच्या लेवा वस्तीतल्या शाळेला आणि सातपुड्यातल्या तोरणमाळच्या शाळेला एकच पुस्तकं पुरत नाहीत. ५,००० रुपयांत साधारण ६० पुस्तकं येतात असं धरलं, तर प्राथमिक शाळेत निम्मी चित्रपुस्तकं असावीत, त्यात पाच-सहा शब्दांविना. गटवाचनासाठी एक-दोन पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्याव्यात. थोर पुरुषांची चरित्रं आणि बोधकथा आधीच पुष्कळ आहेत; दोन वर्षं त्यांची खरेदी थांबली तरी मुलांचं नुकसान नाही.

दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याहून कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्यासोबत कापडी पिशवीतून पाच-सहा पुस्तकं द्यायला मुख्याध्यापकांना परवानगी हवी. त्यातली दोन परत आली नाहीत तर तो खर्च समजावा, तोटा नव्हे.

आणि शाळाभेट. कपाटातली पुस्तकं मोजण्याआधी मुलांनी ठेवलेलं देवघेवीचं रजिस्टर मागा. कोपरे मुडपलेली, डाग पडलेली पुस्तकं दिसली तर शेरेपुस्तकात चांगलं लिहा. एखाद्या मुलाला ‘या गोष्टीचं तात्पर्य काय?’ ऐवजी ‘यातलं कोणतं चित्र तुला परत पाहावंसं वाटतं?’ असं विचारा, आणि त्याने अहिराणीत किंवा पावरीत उत्तर दिलं तर त्याच भाषेत ऐकून घ्या. शिक्षक तुमच्याकडे पाहत असतात. तुम्ही तात्पर्य विचारलंत तर पुढचं वर्षभर वर्गात तात्पर्यच होईल.

केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेत एक तास या कामासाठी राखून ठेवावा. त्यात भाषण नको. एका शिक्षकाने एक चित्रपुस्तक खऱ्या मुलांसमोर वाचावं, बाकीच्यांनी मागे बसून कुठे थांबलं, कोण बोललं, कोणाला दिसलं नाही हे टिपावं आणि नंतर २० मिनिटं त्यावर चर्चा व्हावी. पुढच्या महिन्यात शब्दांविना पुस्तक, त्यानंतर माहितीचं. त्यासाठी लागणारी पुस्तकं आणि तयारी आम्ही करू. तारीख तेवढी कळवावी.

आपले,
खानदेशातल्या प्राथमिक वर्गांत पुस्तकं वापरणारे शिक्षक